तंबोरा कुणी केला, तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गाण्याच्या मैफलींवर जे लिहून येतं ते मी नेमाने वाचते. गायकाचं नाव असतं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर कोण बसलं होतं, निवेदन कुणी केलं, साऊंड कुणाचा, प्रायोजक कोण, कधी कधी तर स्टेजची सजावट कुणी केली तेही असतं. पण मागे जे दोन तंबोरे उभे होते ते कुणी केले आणि त्या दिवशी त्यांची जवारी (तार झंकारावी म्हणून ती जिच्यावर टेकते त्या घोडीला घासून द्यायचा आकार) कुणी लावली, हे मी आजवर एकदाही तुमच्या पेपरात वाचलेलं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या पेपरातही नाही. त्यासाठीच हे पत्र लिहितेय. जरा लांबेल, पण विषय मिरजेचा आहे आणि तो दोन ओळीत आटपत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, फोटो आले, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले, मलाही खूप आनंद झाला, मी स्वतः चार ग्रुपवर टाकलं. आनंद व्हायलाच पाहिजे. पण जीआय म्हणजे काय हे जरा नीट बघितलं पाहिजे. १९९९ चा कायदा, २००३ पासून अंमलात, नोंदणी दहा वर्षांची आणि मग नूतनीकरण, आणि त्यातून मिळतो तो त्या गावाचं नाव वापरायचा हक्क. ऑर्डर त्यातून येत नाही, लाकूड स्वस्त होत नाही, आणि घरातला पोरगा इंजिनिअरिंगला जायचं सोडून कानस हातात घेत नाही. आपल्या शेजारचंच बघा ना, कोल्हापुरी चपलेला २०१९ लाच जीआय मिळालेलं होतं, तरी २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि इथून ओरड झाल्यावर मग भारतातल्या कारागिरांचं नाव घेतलं. म्हणजे कागद हातात असून सुद्धा नाव घेतलं जाईलच असं नसतं, ते कुणीतरी घ्यावं लागतं, सारखं घ्यावं लागतं. आणि आपण तर आपल्याच गावच्या माणसांचं घेत नाही.

मिरजेत ही कला आली कशी हे तिथल्या सतारमेकर घराण्यांत पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. साधारण १८५० च्या आसपासची गोष्ट. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन असे दोघे भाऊ, घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावायची, चकाकी आणायची, मूठ सैल झाली तर बसवून द्यायची हे काम. १८१८ ला पेशवाई गेली, हत्यारांना पहिल्यासारखं काम राहिलं नाही. इकडे मिरज पटवर्धनांचं संस्थान, दरबारात गाण्याची आवड, उत्तरेतून गवई आणि बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, येणार, आणि त्या काळात एवढा लांबचा प्रवास करून आलेली वाद्यं म्हणजे कुठे भोपळा तडकलेला, कुठे खुंटी मोडलेली, घोडी सुटलेली. ती दुरुस्तीला परत उत्तरेत पाठवायची तर महिनोन्महिने जाणार. मग गावात बारीक हात कुणाचा, तर शिकलगारांचा. त्यांना बोलावलं. दुरुस्ती करता करता वाद्य आतून कळत गेलं आणि एक दिवस त्यांनी स्वतःच आख्खा तंबोरा उभा केला. पुढे आडनावच सतारमेकर झालं, आज मिरजेत सतारमेकर गल्ली आहे आणि तिथून तंबोरे, सतारी, रुद्रवीणा, दिलरुबे, सारंग्या, स्वरमंडळं जगभर जातात. मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय भावतं सांगू का, तर ती कानस. तलवारीवर फिरणारी कानस घोडीवर फिरायला लागली, त्याच हातांनी, आणि दीडशे वर्षांहून जास्त ती थांबलेली नाही.

आता भोपळा. भोपळा मिरजेत पिकत नाही, तो येतो पंढरपूरकडून. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठाला बेगमपूर, सिद्धेवाडी या पट्ट्यात काही शेतकरी हा भोपळा लावतात, कडू जातीचा, खायचा नाही, त्याचा उपयोग फक्त वाद्याला. त्याला आकार चांगला लागतो, बूड रुंद, अंग सारखं, डाग नको, कीड नको, म्हणून फळ धरलं की ते एका कुशीला कलंडू नये, बसकं वाढावं म्हणून शेतकरी त्याच्याकडे लक्ष ठेवून असतो. मोठा तंबोरा करायचा तर पन्नास इंचांच्या आसपास घेराचं फळ लागतं आणि एका वेलावरची सगळी फळं काही तशी होत नाहीत. मग ते पूर्ण वाळवायचं, वाळून खडखडीत झालं की मिरजेचा कारागीर टिचकी मारून बघतो, कवच किती जाड, आवाज कसा, आणि त्यावरून निवडतो. वारकऱ्यांच्या वीणेलाही भोपळा हाच. सप्ताहात ज्या वीणेला सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारा बदलतो पण वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते, तिचा भोपळा असा कुणाच्या तरी शेतात उन्हात पडून वाळलेला असतो. हे शेतकरी आहेत म्हणून किराण्यापासून जयपूरपर्यंत सगळी घराणी गातायत, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण मला खरंच तसं वाटतं.

आणि त्या शेतकऱ्याला काय मिळतं? उजनीचं पाणी आल्यापासून सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला, उसाला कारखाना आहे, तोडणीची टोळी आहे, पैसे उशिरा का होईना येणार हे माहीत आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्याला हमीभाव नाही, बाजार समिती नाही, घेणारे मोजके, आणि अवकाळी पाऊस झाला किंवा भीमेला पूर आला की वाळायला आलेलं पीक गेलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पंढरपुरात पाणी शिरलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. जीआयच्या बातम्यांत या शेतकऱ्यांचा एखाद्या वाक्याचा तरी उल्लेख असायला हवा होता. तंजावरच्या वीणेला आपल्या आधी जीआय मिळालं, ती फणसाच्या लाकडातून कोरतात, तिथे प्रश्न लाकडाचा असतो. आपल्याकडे तो भोपळ्याचाही आहे, म्हणजे दोन जिल्ह्यांचा मिळून एक तंबोरा होतो आणि योजना करताना दोन्ही जिल्हे एकत्र धरले पाहिजेत.

पुढचं काम लाकडाचं. भोपळा वरून कापायचा, आतला गर आणि बिया काढून खरवडून साफ करायचा, पाण्यात भिजवून मऊ झाला की आतून काठ्यांचा ताण देऊन पाहिजे तो आकार आणायचा आणि परत वाळवायचा. मग त्याच्यावर लाकडाचा गळा, गळ्यावर दांडी, समोर भोपळ्यावर झाकणासारखी पातळ फळी, म्हणजे तबली. लाकूड तूनचं, हलकं, लालसर, किडीला दाद न देणारं, आणि ते नीट वाळलेलं असेल तरच, नाहीतर वर्षभरात दांडी वाकते. दांडी आतून पोकळ. तबली किती पातळ करायची हे कुठल्या पुस्तकात नाही, रंधा मारत मारत बोटाच्या पेराने ठोकून ऐकतात आणि एका जागी थांबतात. एक पापुद्रा जास्त गेला तर तबली घोडीखाली दबणार, कमी गेला तर वाद्य बोलणार नाही. मग नक्षी, पूर्वी हस्तिदंताची असायची आता सेल्युलॉइडची, वेलबुट्टी कोरून त्यात रंग भरायचा, खुंट्या शिसमच्या, मग पॉलिशचे हात. मोसम चांगला असला तरी महिनाभर सहज जातो, पावसाळ्यात तर काही वाळतच नाही. हे सगळं लोक बघतात, फोटो काढतात, व्हिडिओ करतात, कारण ते दिसतं. जे दिसत नाही त्याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

तंबोरा तयार झाला म्हणजे तो वाजतो असं नाही. तो वाजतो जवारीने. घोडी वरून बघितली तर सपाट वाटते, पण ती सपाट नसते, तिला अगदी किंचित बाक असतो, डोळ्याला कळणार नाही, बोट फिरवलं तरी कळणार नाही इतका. तार छेडली की ती त्या बाकावर टेकते, सुटते, टेकते, सुटते, म्हणजे तारेचा जेवढा भाग हलतोय त्याची लांबी क्षणाक्षणाला जराशी बदलत राहते, आणि त्याच्यातून तो झंकार येतो, मधमाश्यांसारखा म्हणा किंवा काहीही म्हणा, ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको. तारेखाली सुती दोरा सारायचा, एका केसाइतका पुढेमागे, आणि एका ठिकाणी तार अचानक उघडते, खोली भरून जाते. ते ठिकाण सापडण्यासाठी घोडीचा बाक बरोबर असावा लागतो आणि तो बाक करतो कारागीर, कानशीने, काचपेपरने, दोन हात फिरवायचे, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची, परत दोन हात. मोजायला काही यंत्र नाही. सगळं कानावर.

सी. व्ही. रामन यांचं नाव आपण प्रकाशासाठी घेतो, नोबेल १९३० चं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला होता, तंबोरा आणि वीणा यांच्यावर. तारेच्या शास्त्रात एक जुना नियम आहे, यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा, म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या बारीक स्वराचा, स्थिर (न हलणारा) बिंदू येतो तो स्वरांश ऐकू येता कामा नये. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात तो ठणठणीत ऐकू येतो आणि याचं कारण घोडीचा आकार. म्हणजे युरोपातल्या तारवाद्यांना लागू पडणारा नियम आपल्या कारागिरांनी, एकही सूत्र न मांडता, नुसत्या कानाने ओलांडला होता. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार घ्या, तिचा दुसरा आणि चौथा स्वरांश षड्ज, तिसरा पंचम, पाचवा शुद्ध गंधार. तो गंधार कुणी वाजवत नाही, त्याला तार नाही, तरी जवारी चांगली असली की तो बोलतो, स्वयंभू गंधार म्हणतो आपण त्याला. माझ्या विद्यार्थिनींना पहिल्यांदा तो ऐकू येतो तेव्हा त्या गाणं थांबवून तंबोऱ्याकडे बघत बसतात. मग मला त्या दिवशी दुसरं काही शिकवायची गरज वाटत नाही.

ही जवारी कायम टिकत नाही हे श्रोत्यांना बहुतेक माहीतच नसतं. तार रोज घासून घोडीवर बारीक खाच पडते, मग झंकार मरतो, आवाज ठप्प होतो, तेव्हा घोडी परत घासून नवी जवारी काढावी लागते. गाणाऱ्या माणसाने स्वर बदलला, पेटीच्या काळी एकवरून पांढरी दोन या पट्टीवर गेला, तर तारांचा जोर बदलतो आणि जवारी परत बघावी लागते. बाईचा तंबोरा काळी चार-काळी पाचला, त्याची जवारी वेगळी. सतारीत तर वादकाप्रमाणे बदलते, रविशंकर यांची खुली जवारी, विलायत खाँ यांची बंद, गोल, गळ्यासारखी, दोघांची सतार डोळे मिटून ओळखता येते. जवारी ही चष्म्याच्या नंबरासारखी आहे, ज्याची त्याची वेगळी, दुसऱ्याचा चालत नाही. आणि घोडीसुद्धा बदलत गेली, पूर्वी हस्तिदंताची, सांबरशिंगाची असायची, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे आणखी कडक झाला, ते बंद झालं, आणि ते योग्यच झालं, पण त्यामुळे कारागिरांना उंटाचं हाड, शिसम, फायबर अशा वेगळ्या वेगळ्या मालावर सगळं ज्ञान परत नव्याने बसवावं लागलं कारण प्रत्येक माल वेगळा घासतो, वेगळा बोलतो. हे संशोधनच आहे की. त्याला कुणी संशोधन म्हणत नाही एवढंच.

मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले हे आपण अभिमानाने सांगतो. उत्तर प्रदेशातल्या किराणा (कैराना) गावी जन्म १८७२ चा, आयुष्याचा मोठा काळ मिरजेत, आणि १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर तब्येत बिघडली, तिथेच प्लॅटफॉर्मवर त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, गायले आणि गेले असं सांगतात. त्यांचं दफन मिरजेतच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात, आणि दर वर्षी उरुसाला तिथे गाण्याची सभा होते, मोठमोठे कलावंत हजेरी लावायला येतात. त्यांचा सुराचा आग्रह एवढा की सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी हे जेव्हा श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांची, मोजणी करत होते तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. या भागात त्या काळी सूर किती बारकाईने बघत होते याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं. मला नेहमी वाटतं की त्यांच्या किराणा घराण्याची ती सुरात बुडून जायची पद्धत, एका एका स्वरावर थांबायची, ती मिरजेतच वाढली हा योगायोग नाही. जिथे चार पावलांवर जवारी लावणारा बसलाय, तंबोरा कधीही नव्यासारखा करून मिळतोय, तिथेच गवई एका षड्जावर एवढा वेळ थांबू शकतो. खराब तंबोऱ्यावर थांबून बघा, दोन मिनिटांत ताना घ्यायला लागाल. हे माझं मत आहे, इतिहासकारांनी तपासून बघावं. पण १९३० च्या दशकातल्या त्यांच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव आहे, रागाचं आहे, कंपनीचं आहे, मागच्या तंबोऱ्याच्या कारागिराचं नाही.

याच्या उलट इटलीत क्रेमोना नावाचं गाव बघा. तिथला व्हायोलिन करणारा स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये वारला, त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत आणि बहुतेकांच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असते, करणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, साल. व्हायोलिनच्या भोकातून डोकावलं की दिसते. आज कुठलाही मोठा व्हायोलिनवादक वाजवायला आला की कार्यक्रमपत्रिकेत बऱ्याचदा लिहिलेलं असतं, हे वाद्य अमुक सालचं, अमक्याने केलेलं. ऐकणारा पण त्याबद्दल बोलतो. आणि तिथे सगळं सरळ चालत आलंय असं नाही हां, स्ट्रॅडिव्हरी गेल्यावर क्रेमोनाची कला जवळजवळ विझली होती, पुढच्या शतकात तिथे नाव घेण्यासारखं फारसं कुणी उरलं नव्हतं. मग १९३७ मध्ये त्याच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा मोठा सोहळा केला, लोक जागे झाले, आणि १९३८ मध्ये गावात वाद्य बनवायची शाळा काढली. आज तिथे शंभरावर वर्कशॉप आहेत, जगभरची पोरं पोरी शिकायला येतात, २०१२ मध्ये युनेस्कोने त्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. विझलेलं गाव शाळेने आणि नाव छापायच्या सवयीने परत उभं राहिलं. मिरज तर विझलेलं सुद्धा नाही, आपल्याकडे कारागीर आहेत, आज, आत्ता, काम करतायत. फक्त कला घरातल्या घरात, बापाकडून मुलाकडे जाते, आणि मुलाने नको म्हटलं की ती ओळ तिथे संपते.

मुलगा नको का म्हणतो? कष्ट हे एक कारण आहे, पण तेवढंच नाही. हातातला मोबाईल हे दुसरं कारण आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ च्या सुमारास बंगळुरूमध्ये तयार झाला आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या मुलीने पहाटे रियाज करायचा तर तिला तेच परवडतं, प्रवासात तेच सोयीचं. आता तर ॲप आहे, फुकट. पण काळी एकचा पुरुषी तंबोरा असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते आणि फोनचा एवढासा स्पीकर ते काढूच शकत नाही, वरचेच स्वरांश ऐकू येतात, पायाच नाही. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे मुलं तंबोरा लावायला शिकत नाहीत. बटण दाबलं की तो लागलेलाच असतो. तंबोरा लावणं म्हणजे सूर लावायचं पहिलं शिक्षण, खुंटी पिळायची, मग तारेतला मणी सरकवून बारीक सारखा करायचा, दोन्ही जोड, म्हणजे मधल्या एकाच स्वराच्या तारा, एकमेकांत मिसळून एकच तार वाजतेय असं वाटेपर्यंत ऐकत राहायचं. विशारद झालेल्या मुली माझ्याकडे पुढचं शिकायला येतात, गळा तयार, ताना स्वच्छ, आणि तंबोरा लावायला सांगितला की हात थबकतात. दोष त्यांचा नाही, त्यांच्या हातात कुणी दिलाच नाही.

एका गावातल्या सभागृहात, नाव घेत नाही, स्टोअररूममध्ये उत्तम मिरजेचा तंबोरा बघितला. गवसणी फाटलेली, तारा गंजलेल्या, घोडीवर खोल खाचा. व्यवस्थापक म्हणाले वाजत नाही मॅडम, आम्ही मोबाईलवर लावतो, सिस्टीमला जोडून. त्या तंबोऱ्याला फक्त तारा आणि एक जवारी पाहिजे होती, एका सकाळचं काम. पण जवारीसाठी बजेटमध्ये रकमेची ओळच नव्हती. दिव्यांसाठी होती, हार-तुऱ्यांसाठी होती. महाराष्ट्रात असे किती तंबोरे शाळा-कॉलेजात, सभागृहात, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर पडून असतील याचा विचार केला तरी जीव कासावीस होतो. नवीन तंबोरा घेणं सगळ्यांना परवडत नाही हे मान्य, पण पडलेला उठवणं परवडतं.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे, मोठे महोत्सव असोत किंवा गावातली गणपतीतली मैफल असो, बजेट करताना जवारीची एक ओळ घाला. मोठ्या महोत्सवांत आपला कारागीर स्टेजच्या मागे बसून प्रत्येक कलावंतासाठी तंबोरे बघत असेल तर त्याला मानधन द्या, साऊंडवाल्याला देतो तसं, बिल घेऊन, ठरवून. गायकांनी बैठकीला बसल्यावर साथीदारांची ओळख करून देताना एक वाक्य जास्त बोलावं. क्लासवाल्या आम्ही शिक्षकांनी प्रवेशिकेच्या वर्षापासून मुलांच्या हातात खरा तंबोरा द्यायचा, क्लासमध्ये एक तरी असलाच पाहिजे, चार क्लासनी मिळून घेतला तरी चालेल. आणि सरकारकडे मागायचंच असेल तर सत्कार आणि प्रमाणपत्रं नकोत, शिकणाऱ्या मुलाला तीन-चार वर्षं विद्यावेतन द्या, तो सतारमेकर घराण्यातला असो नसो, मुलगा असो किंवा मुलगी, आणि भीमाकाठच्या भोपळ्यावाल्यांना पीक विम्यात घ्या. शिकवणारा हात अजून आहे तोपर्यंतच हे होऊ शकतं. जवारीचं ज्ञान लिहून ठेवता येत नाही, व्हिडिओत दिसत नाही, ते शेजारी बसून वर्षानुवर्षं ऐकूनच कानात उतरतं, आणि आज जे साठी-सत्तरीचे कारागीर आहेत त्यांच्या शेजारी कोण बसलंय हा प्रश्न मला रोज पडतो.

तुमच्याकडे मात्र एवढंच मागणं आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. आता दिवाळीनंतर मैफलींचा सीझन सुरू होईल. पुढच्या परीक्षणापासून साथीदारांच्या ओळीत तंबोरा कुणी केला आणि जवारी कुणी लावली ही दोन नावं घाला. तुमच्या समीक्षकांना कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये जाऊन विचारावं लागेल, गायकाला बहुतेक वेळा माहीत असतं कारण तंबोरा त्याने स्वतः मिरजेला जाऊन घेतलेला असतो. त्याला आठवलं नाही तर तंबोऱ्यावर बघा, बऱ्याच वाद्यांवर कारागिराच्या नावाची छोटी पट्टी असते, दुकानाचं नाव आणि खाली मिरज. ती वाचून तशीच छापा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक गायन शिक्षिका,
सांगली जिल्हा